रव्यातला हलवा

आमच्या सुभाषमामांना एखादी गोष्ट फार आवडली की ते चपला काढतात. देवळात सगळेच काढतात, त्यात काही विशेष नाही. मामांनी इंदूरच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यासमोर काढल्या. मागे गर्दी तुंबली, चौकीदार ओरडायला लागला, आणि हे अनवाणी, हात जोडून जिन्याकडे बघत उभे. “काय डोकं लावलं असेल बा माणसानं! धन्य आहे!” आमच्या बऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या बाजारात रस्ता खोदायला जेसीबी आला तेव्हाही तेच. असीरगडावर जाताना तर त्यांनी चपला खालीच गाडीत ठेवल्या. वर जाऊन काढायच्याच आहेत, तर न्यायच्या कशाला, हा हिशोब.

मामांचं शनवाऱ्यात कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला माल दाखवता दाखवता ते स्वतःच पोताला हात लावून हरखून जातात आणि भाव सांगायचं विसरतात. तरी दुकान चालतं, हे माझ्या मते बऱ्हाणपूरचं मोठंच आश्चर्य आहे. संध्याकाळी दुकान वाढवलं की मामींसाठी पुडा घेऊन घरी. कधी मावा जिलेबी, कधी दराबा. “आमच्या हिला गोडाचं मतलब वेड आहे वेड,” हे शनवाऱ्यात सगळ्यांना तोंडपाठ. मामी खायच्या, मामा दारात उभे राहून बघायचे, आणि स्वतः खाल्ल्यासारखे तृप्त व्हायचे.

दिवाळीत मामी आजारी पडल्या. ताप गेला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. घासभर खायचं आणि “ठेवा, नंतर बघते” म्हणायचं. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मामांनी पुडे दुप्पट केले, गावातले सगळे हलवाई पालथे घातले, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, हवा बदलून बघा. मे महिन्यात आमच्याकडची हवा म्हणजे भट्टीच. मी म्हटलं, मामा, समुद्रावर जाऊ, गाडी मी चालवतो. तसे आम्ही तिघं कोकणात आलो.

समुद्र दिसला तेव्हा चपला गाडीतच निघाल्या होत्या. मामा वाळूतून थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेले, हात जोडले. मग हळूच मला म्हणाले, “राजा, ह्याला पलीकडे काहीच नाही का रे? आपल्या तापीला निदान पलीकडे जैनाबाद तरी दिसतं.” खोटं कशाला बोलू, समुद्र मी आधी पाहिलेला होता, पण त्या दिवशी मामांच्या शेजारी उभं राहून पाहिला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

जेवायला मामांनी तिथलं सगळ्यात महागडं हॉटेल निवडलं. मासळीसाठी लांबलांबून लोक येतात म्हणे. मामांच्या घरात कधी मासा शिजलेला नाही. बऱ्हाणपुरात मासळीबाजार टाळायला ते दोन गल्ल्यांचा वळसा घालतात. पण इथली टेबलं थेट पाण्यावर मांडलेली, खालून लाटा जाताहेत, पांढऱ्या टोप्या घातलेले वाढपी. “भात-भाजी तर देतीलच ना बा,” म्हणून मामा आत शिरले. मेनूकार्ड कपाळाला लावून त्यांनी त्यातले भाव वाचले. तक्रार म्हणून नाही हो, श्रद्धेनं. एवढा भाव लावायची छाती असलेला माणूस त्यांना थोरच वाटला.

मामींनी पाण्याचा ग्लास पुढ्यात घेतला होता आणि खायचं काही नको म्हणत होत्या. एवढ्यात मामांचा चेहरा उजळला. “अरे, इथं हलवा आहे!”

वाढप्याला हाक गेली. “हलवा ताजा आहे ना, भाऊ?”

“सकाळीच उतरलाय, काका.”

“सकाळचा? चालेल, गरम करून दे.”

“तव्यावर देऊ की रव्यात?”

“रव्यातच! आणखी कशाचा करतात?”

“अख्खा की तुकडे?”

“अख्खा आण. वड्या घरी पण खातो आम्ही.”

मीही बऱ्हाणपूरचाच. मलाही वाटलं, चला, मामींच्या पोटात दोन चमचे जातील.

थोड्या वेळानं लांबुळकी बशी आली. तिच्यात रव्यात घोळून तळलेला, चांगला थाळीएवढा मासा. डोळ्यासकट.

“हे काय?” मामांनी विचारलं.

“हलवा, काका. तुम्हीच सांगितलात.”

मामांनी खुर्ची मागे सरकवली. नाकाला रुमाल लावला. वाढपी बिचारा गोंधळून बशी उचलायला वाकला, मीही उठलो, आणि मामी म्हणाल्या, “राहू द्या ते.”

त्यांनी बशी स्वतःकडे ओढली. बोटानं पाठीवरून एक रेघ ओढली, वरचं मांस अलगद बाजूला केलं, आणि मधला काट्याचा सांगाडा शेपटीकडून धरून अख्खा उचलला. एकही काटा मागे राहिला नाही. मग खायला लागल्या. पहिला घास, दुसरा घास. मान वर नाही की बोलणं नाही. भात मागवला, तोही संपवला. मामांचा रुमाल नाकावरून कधी खाली आला, त्यांना कळलंसुद्धा नसेल.

“तुला येतं हे?” मामांनी विचारलं.

“जैनाबादची आहे मी. नदी उतरली की आबा जाळं टाकायचे. रोज मासेच असायचे.”

“मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस कधी?”

“तुमच्या घरात चालत नव्हतं. त्यात बोलायचं काय? सोडलं.”

मामांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग चाचरत म्हणाले, “पण गोड तर तुला...”

“गोड मला कधीच फारसं आवडलं नाही हो,” मामी अगदी मायेनं म्हणाल्या. “तुम्ही एवढ्या हौसेनं पुडा आणायचे, दारात उभे राहायचे. मग खायचे मी.”

माझे डोळे भरून आले. जिन्यापासून जेसीबीपर्यंत जगातल्या सगळ्या गोष्टींचं नवल करून झालेला हा माणूस आपल्याच बायकोकडे, पहिल्यांदाच भेटल्यासारखा, बघत बसला होता.

वाढपी जरा बिचकतच परत आला. “गोडात काय आणू? खरवस आहे, मोदक आहेत.”

सवयीनं मामांचं तोंड उघडलं. मग मिटलं.

“गोड नको,” ते म्हणाले. “हिला आवडत नाही.”

हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मामांना त्याचं काही नव्हतं. खुर्ची पुन्हा पुढे ओढून ते मामींसमोर नीट बसले आणि विचारलं, “तुला आणखी काय काय आवडतं गं?”