येसबाची निम्मी बचत

एका जंगलात उन्हाळा दरवर्षी ठरल्या वेळी येई, आणि दरवर्षी सगळ्यांना तो नवाच वाटे. त्या जंगलात येसबा नावाचा एक साळिंदर राहत होता. बायकोचं नाव चंद्राई. पदरी दोन पिल्लं, आठच दिवसांची.

येसबाच्या बिळाला दोन तोंडं होती. एक नदीकडे, दुसरं मागे जांभळीच्या मुळाशी. थंडी आली की येसबा मागच्या तोंडात वाळका पाला कोंबायचा. बीळ उबदार. ऊन तापलं की पाला काढायचा. वारा एकीकडून यायचा, दुसरीकडून जायचा. बीळ गार. एवढंच. मुलांनो, इतकं सोपं काम करणाऱ्याला जंगलात कुणी शहाणा म्हणत नाही.

त्या वर्षी नदी आटली. पाणी उरलं ते एका डोहात. सिंहमहाराजांनी हुकूम काढला: ऊब आणि गारवा यांच्या खर्चात जो बचत करील, त्याला डोहावर संध्याकाळची पाळी. बाकीच्यांनी भर दुपारी यावं.

चंद्राई ओली बाळंतीण. दुपारी गेली, तर तापल्या खडकावर तिचे पाय पोळले. दोन घोट पिऊन ती लंगडत परत आली. पिल्लं चोखत राहिली, पण दूध उतरेना.

येसबा उठला आणि बचत अधिकारी कोल्हेसाहेबांना घेऊन आला.

साहेबांनी बीळ पाहिलं. "वा, गार आहे. गेल्या उन्हाळ्यात गारव्यावर खर्च किती केलात?"

"काही नाही, साहेब. पाला काढला की झालं."

"काहीच नाही? मग यंदा वाचवणार कशातून?"

"खर्चच नाही, तर वाचवायचं काय?"

"तेच विचारतोय मी!" साहेबांनी पळसाच्या पानावर नखाने भोपळा काढला. "रानडुकराकडे बघा. वीस वटवाघळं पंख्याला लावली होती, आता पंधरा आहेत. पाचांची बचत! आणि तुम्ही? पिढ्यान् पिढ्या एक पैची बचत नाही. लाज वाटायला हवी."

येसबाला खरंच लाज वाटली. गरीब माणसाला ती लवकर वाटते, साळिंदरालाही.

त्याने मागचं तोंड ओल्या चिखलाने लिंपायला घेतलं.

"अहो, हे काय मांडलंय?" चंद्राई म्हणाली.

"वारा आला तर पंखा कशाला लागेल? आधी खर्च दाखवावा लागतो गं. मग तो कमी करायचा."

"कुणी सांगितलं?"

"साहेब शिकलेले आहेत."

"आणि पिल्लं?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. मग संध्याकाळची पाळी तुझीच."

साठवलेले सगळे कंद देऊन त्याने आठ वटवाघळं आणली. ती छताच्या मुळांना उलटी लटकली आणि पंख हलवू लागली. आतली गरम हवा या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊ लागली. पिल्लांनी जिभा बाहेर काढल्या. चंद्राई त्यांना पोटाशी घ्यायची, आणि उकडतं म्हणून पुन्हा दूर सारायची.

"जरा जोरात हलवा की," येसबा म्हणाला.

"जोरात हवं तर कंद वाढवा, काका," वटवाघळांचा मुकादम म्हणाला. "आणि बीळ भलतंच कोंदट आहे हो तुमचं. मागे एखादं भोक का नाही पाडत?"

येसबाने मागच्या लिंपलेल्या तोंडावर चिखलाचा आणखी एक हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी त्याने चार वटवाघळं परत पाठवली. साहेबांनी येऊन उरलेली मोजली.

"आठाची चार! निम्मी बचत! शाब्बास, येसबा. रानडुकराला मागे टाकलंत."

त्यांनी प्रमाणपत्राचं पान हातावर ठेवलं. येसबाने ते काट्यात खोवलं, एक पिल्लू स्वतः घेतलं, एक चंद्राईला दिलं, आणि संध्याकाळी दोघं डोहावर गेली.

तिथे महाराजांचा सत्कार चालला होता. महाराजांची गुहा गार राहावी म्हणून चाळीस हत्ती दिवसभर सोंडेने तिच्यावर डोहातलं पाणी मारायचे. यंदा महाराजांनी मन घट्ट करून एक हत्ती कमी केला होता. टाळ्या थांबत नव्हत्या.

डोहात चिखल होता. पाणी नव्हतं.

"साहेब," येसबाने पान पुढे केलं, "आमची पाळी."

"हो हो, तुमचीच आहे. या ना, पुढे या."

"पण पाणी?"

"हुकुमात पाळीबद्दल लिहिलंय," साहेब शांतपणे म्हणाले. "पाण्याबद्दल कुठे काय आहे?"

चंद्राई मात्र केव्हाच वळली होती. नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन तिने पिल्लू खाली ठेवलं आणि पुढच्या पायांनी वाळू उकरायला लागली. कोपरभर खोल गेल्यावर वाळू ओली लागली. आणखी उकरल्यावर खड्ड्यात झिरा फुटून पाणी चढू लागलं, ओंजळभर, पण गार.

ती पोटभर प्यायली. मग बाजूला सरकून म्हणाली, "या, प्या. इथे पाळी नाही."

तात्पर्य: मुलांनो, बचत करायची असेल तर आधी उधळायला शिका. जो मुळातच उधळत नाही, त्याच्या गळ्यात हार घालायला जागा सापडत नाही. चाळीस हत्ती बाळगा, त्यांतला एक कमी करा, आणि थोर व्हा. एवढं जमत नसेल, तर निदान बायकोचं ऐका. पण त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, तेव्हा ते कुणी करत नाही.