आवाजाच्या कलमावरील स्वारी

तमाम वाचणारांस आणि वाचून विसरणारांस कळावे म्हणोन हा मजकूर लिहिला जे, बोलक्या यंत्रांनी पृथ्वीवर पुंडावा मांडिला, कोणाचे लेखन, कोणाचे चित्र, कोणाचा कंठ, काही म्हणोन शाबूत ठेविले नाही, आणि रयत हवालदिल जाहली. मग यंत्रांस वेसण घालावी या मसलतीने देशोदेशीचे मुत्सद्दी काचेच्या एका थोर इमारतीत दाखल जाहले. प्रत्येकाच्या गळा बिल्ला, कानी ऐकण्याचे यंत्र, आणि हाती फुकटची थैली. थैलीचा रंग सर्वांस सारखा नाही, या गिल्ल्यात पहिली सकाळ खर्ची पडली.

सभागृहाच्या मागे काचेची खोली, खुराड्याएवढी. तीत दुभाषीणबाई तळ देऊन होत्या. मुत्सद्द्याने आपल्या भाषेत बोलावे आणि बाईंनी तेच तत्क्षणी दुसऱ्या भाषेत वदावे, आणि 'मी' म्हणावे ते मुत्सद्द्याचे, बाईंचे नव्हे, हा त्या पेशाचा कडक दस्तूर. बाईंच्या मातोश्रींची नजर अधू. त्या घरी सभेचे प्रक्षेपण लावून बसत आणि लेकीचा कंठ कानी पडला म्हणजे समाधान पावत. दगा ऐसा जे, सभेच्या कारभाऱ्यांनी बाईंची जुनी ध्वनिमुद्रणे एका यंत्रास चारिली आणि त्यांच्या कंठाचा हुबेहूब तोतया कुमक म्हणोन तयार ठेविला. बाईंस कोणी पुसले? छे! उडत उडत कानी आले तेवढेच.

मसुद्यात एक कलम होते जे, कोणाचा आवाज त्याच्या कबुलीवाचून यंत्राने घेऊ नये. बाईंचा सारा जीव त्यात अडकला. परंतु मुत्सद्द्यांची रीत ऐसी जे, ज्यावर एकमत नाही ते कंसात कोंडावे. मग प्रथम 'कबुली' कोंडली, मग 'आवाज' कोंडला, मग 'नये' गेले, आणि अखेरीस पूर्णविराम तेवढा मोकळा उरला.

मग एका बड्या दौलतीचे मुत्सद्दी उठले आणि फर्मावते जाहले जे, आवाज ही कोणाची जहागीर नव्हे. हे बाईंस आपल्याच तोंडाने वदावे लागले, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. मुत्सद्दी पाणी प्यावयास थांबले, तो मोका साधोन बाई ध्वनिक्षेपकात गरजल्या, "हा गळा माझा आहे, मेल्यांनो! मला विचारल्याशिवाय हात लावाल तर खबरदार!"

सभेने जाणिले, मुत्सद्दीच बोलिले. वाहवा! अध्यक्षांनी त्यांच्या दिलदारीची तारीफ केली, टाळ्यांचा गजर जाहला, आणि कलम कंसातून सुटले. मुत्सद्द्यांनीही मान लववून टाळ्या घेतल्या. कशाच्या, हे त्यांस चहाच्या वेळी कळले. मग एकच हलकल्लोळ! कलम पुन्हा कंसात गेले, बाईंवर चौकशी बसली, आणि हुकूम सुटला जे, माणूस भरवशाचा नाही, मध्येच आपले बोलतो. सबब खुराड्यात तोतया बसवावा. यंत्रांस वेसण घालणाऱ्या सभेने हा ठराव एकमताने केला. त्यात कंस एकही नव्हता.

कारभाऱ्यांशी भांडभांडोन बाईंचा घसा पार बसला. इकडे तहनामा सिद्ध जाहला जे, यंत्रांनी सभ्यतेने वागावे, न वागल्यास तीव्र चिंता व्यक्त व्हावी, आणि कंसात जे जे आहे ते अभ्यासगटाकडे रवाना व्हावे. तोतयाने तो बाईंच्या खणखणीत कंठात वाचावयास घेतला, आणि बाईंनी बाहेर पायरीवर बसोन घरी फोन लाविला.

"आई, मी गं. मला काढून टाकलं."

"कोण बोलतंय?"

"अगं, मीच."

"माझी लेक आत्ता सभेत बोलतेय, मी ऐकतेय ना! घोगरा आवाज काढून म्हातारीला फसवता? लाजा नाही वाटत?" ऐसे बोलोन मातोश्रींनी फोन ठेविला, आणि पुढे उचलिला नाही.

येणेप्रमाणे यंत्रांवर फत्ते जाहली, तमाम दौलतींचे शिक्के उठले, आणि विजयाची द्वाही बाईंच्याच गळ्याने देशोदेशी फिरली, हे दप्तरी दाखल असे.