कासव शिवेना

दिनकरनाना चहापत्ती आणायला मेढ्याहून साताऱ्याला जायचे. मेढ्यात चहापत्ती मिळत नव्हती असं नाही. नाक्यावरच्या दुकानदाराशी नानांचा अबोला होता. केस ते आरशात बघून स्वतःच कापायचे, कारण न्हाव्याशीही अबोला होता. मानेच्या मागं जे काही व्हायचं ते त्यांना दिसायचं नाही, आम्हा शेजाऱ्यांना बघावं लागायचं. दूधवाला, सख्खा धाकटा भाऊ आणि भिंतीला भिंत लावून राहणारी मी, सगळे एकाच रांगेत. माझा गुन्हा असा, की माझ्या मांजरानं त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसकण मारली. पुढं मांजर मेलं, अबोला मात्र ठणठणीत राहिला.

"आपलं कुणावाचून अडत न्हाई," हे त्यांचं पालुपद. मला ऐकवायचं असलं की ते भिंतीकडं तोंड करून म्हणत, कारण भिंतीशी त्यांचं भांडण नव्हतं.

एकुलती एक लेक सुरेखा सांगलीला दिलेली. एका दिवाळीत जावई हसत म्हणाला, "नाना, रेडिओ जरा बारीक करा की." झालं. जावयाशी अबोला. लेकीनं नवऱ्याची बाजू घेतली म्हणून लेकीशीही. ती यायची थांबली. मग नानांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, साताऱ्यातल्या माशांच्या दुकानातून पाण्यातलं एक बारकं कासव आणलं आणि परसात प्लॅस्टिकच्या टबात ठेवलं. मला म्हणाल्या, "आपुन बोलल्यावर मान वर करून बघणारं कोणतरी पायजे की गं घरात." मला हसू आलं नाही, नानांचा गळा धरावासा वाटला.

यंदा पावसाळा सरता सरता काकी गेल्या. दहाव्याला वेण्णेच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर कावळे ढिगानं, खाली एक उतरेल तर शपथ. गेलेल्याची इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. मग घरच्यांनी हात जोडून वचन द्यायचं. इथं इच्छा कोणती, हे सगळ्या घाटाला ठाऊक होतं. भाऊबंद नानांना डिवचत होते, "म्हणा की, सुरेखाचं माहेरपण करीन म्हणा." सुरेखा तिथंच पदर तोंडाशी धरून उभी. नाना मिठाची गुळणी धरून गप्प. ऊन चढलं, लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. सुरेखा घरी न येता नदीवरूनच सांगलीच्या गाडीला गेली. बायकोचं शेवटचं मागणं गवताच्या काडीवर भागवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

थंडी पडली आणि कासवानं खाणं सोडलं. सुकट घातली, उकडलेलं अंडं घातलं, गांडूळ उकरून घातलं. कासव मान आत घेऊन बसलेलं. नानांचा चेहरा उतरला. आळीतल्या बायका त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "काकींचा जीव अडकलाय त्यात. कावळ्याला फसवलं, कासवाला फसवता यायचं न्हाई." नानांनी भिंतीला सुनावलं, "सगळा अडाणी बाजार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं वाळत घालत होते. पाहते तर नाना टबापुढं उकिडवे बसलेले, हात जोडलेले. "न्हाव्याशी बोलीन," ते कासवाला म्हणाले. कासव हललं नाही. नाना मात्र उठले, न्हाव्याच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "मागचं जरा बघ रं." त्या बिचाऱ्याच्या हातातली कात्री पडली म्हणे.

कासव उपाशीच. मग दूधवाल्याची सुटका झाली, मग दुकानदाराची. मग भावाच्या दारात जाऊन नाना नुसतं "हाईस का रं गड्या?" म्हणाले आणि तो थोराड माणूस उंबऱ्यावर बसून रडला. गावाला वाटू लागलं, हे कासव आणखी थोडे दिवस जेवलं नाही तर बरं होईल. माझा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागला. दूधवाल्याच्याही खाली!

"तुझं मांजर चांगलं हुतं," नाना भिंतीवरून म्हणाले.

"मेलं ते."

"व्हय. कळलं हुतं मला. लय वाईट वाटलं."

इतकी वर्षं साठवलेले टोमणे ऐन वेळी कुठं गेले कोण जाणे. मी एवढंच विचारलं, "आता कोण राहिलं, नाना?"

"कोण न्हाई," ते म्हणाले आणि टबात बघत राहिले.

कासव आता डोळेही उघडेना. शेवटी मीच त्यांना टबासकट साताऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाण्यात बोट बुडवलं. "पाणी गार पडलंय. ही जात गारठ्यात खात नाही. दिवसा ऊन द्या, रात्री वर दिवा लावा."

"म्हंजे इच्छाबिच्छा काय न्हाई?" नानांनी विचारलं.

"कुणाची?" डॉक्टर म्हणाला.

घरी परतल्यावर नानांनी टब उन्हात ठेवला. रात्री वर दिवा लावला, पाणी कोमट ठेवलं. काही दिवसांनी एका सकाळी कासवानं मान बाहेर काढली आणि सुकटीचा तुकडा ओढला.

"खाल्लं, नाना, खाल्लं!" मीच ओरडले.

मला वाटलं, आता उड्या मारतील. ते मात्र टबावर वाकले. "नुसतं ऊन पायजे हुतं व्हय," असं पुटपुटले, आणि एकाएकी टब धरून फरफटत मोरीच्या भिंतीकडं, थंडगार सावलीत न्यायला लागले. पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं.

"आवं नाना, काय करताय? मरंल की ते!"

त्यांना ऐकूच गेलं नाही. खाली बसून त्यांनी तोंड पाण्याजवळ नेलं. तो विनवणीचा आवाज मी भिंतीआडून कधी ऐकला नव्हता, काकींनीही ऐकला नसावा.

"खाऊ नगंस रं इतक्यात. अजून एकीशी बोलायचं राहिलंय."

मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. फोन त्यांच्या खिशात होता. सुरेखाचा नंबरही असणार. पण कुणी अडवून धरल्याशिवाय या माणसाच्या तोंडून लेकीचं नाव निघणार नव्हतं, आणि अडवून धरणारं माणूस आता घरात नव्हतं.

कासवानं तळाशी उरलेला तुकडा शोधून काढला आणि तोही खाल्ला.