हसनाबादला गळणारी गाडी

म्हादबा गाडीखाली पडलेला तेलाचा थेंब बोटाने उचलायचा, जिभेच्या टोकावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "चेंबरचं हाय," म्हणजे इंजिनाच्या तळाला तेल साठतं त्या डब्यातलं. कधी म्हणायचा, "मागल्या चाकाचं हाय, कडू लागून राह्यलं." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. पण जालन्याहून धावड्याला जायचं तर त्याच्या गाडीशिवाय मला गत्यंतर नव्हतं.

मी तेव्हा धावड्याच्या शाळेत मास्तर होतो. निजामाचं राज्य, त्यामुळे सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी शाळा सुटली की जालन्याला घरी यायचो आणि शुक्रवारी दुपारी म्हादबाच्या गाडीत बसून परत जायचो. गाडी म्हणजे एक छोटी लॉरी. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा आणि त्यात मिठाची, पेंडीची पोती. कुठल्याशा कापसाच्या जिनवाल्याने ती वापरून वापरून टाकून दिली होती. म्हादबाने मेंढरं विकून ती घेतली.

मेंढी व्यायला झाली की घरातल्या कुणाचाच पाय एका जागी ठरत नाही, तशा घरात तो वाढलेला. मेंढरं गेली, चुळबूळ राहिली. दर दोन कोसांना गाडी थांबवून तो खाली शिरायचा. हॉटेलात बसला तरी नजर बाहेर गाडीच्या पोटाखाली. कीर्तनातसुद्धा बुवा रंगात आलेले असताना हा उठून बाहेर जाणार, वाकून बघणार, परत येऊन बसणार. मी विचारलं की म्हणायचा, "काही न्हाई मास्तर, बिलकुल जरासं."

हा त्याचा ठेवणीतला शब्द. इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरून मनगट वांग्याएवढं सुजलं, तरी दुखणं "बिलकुल जरासं". बायको मागेच वारली होती, एकुलती एक पोरगी लग्न होऊन सासरी गेली होती. एकट्याला घर खायला उठत असेल ना, असं मी एकदा विचारलं, तेव्हाही उत्तर तेच.

गळती बंद करायला तो हाताला येईल ते वापरायचा. साबणात सुतळी मळून लावायचा, जुन्या चपलेच्या चामड्याचे वायसर कापायचा. एकदा माझ्या हजेरीबुकाचा पुठ्ठा त्याला फार पसंत पडला. मी पोती मोजून घेतो आहे तोवर त्याने तो कापून इंजिनात बसवलासुद्धा. पुढे तपासणीला आलेले साहेब हजेरीबुक उलटंपालटं करून म्हणाले, "इसकी जिल्द कहाँ है?" मी खरं ते सांगितलं. साहेबांना मी वेडा वाटलो असणार.

लढाईचे दिवस होते, तेल मिळायची मारामार. म्हणून म्हादबा गळक्या जागेखाली पत्र्याची थाळी ठेवायचा, साठलेलं तेल चिंधीतून गाळून परत इंजिनात ओतायचा. हे सगळं पाच मिनिटांचं काम. हसनाबादला मात्र त्याला तास लागायचा.

हसनाबादला गाडी हटकून गळायची. तीही एका ठरावीक घरासमोर, लिंबाखाली. म्हादबा गाडीखाली आडवा झाला की त्या घरातली एक सून डोईवर पदर घेऊन यायची, चिंध्या खाली ठेवायची आणि चाकापाशी उभी राहायची. तो खालून काहीतरी बोलायचा, ती वरून काहीतरी बोलायची. मला दिसायचे ते फक्त त्याचे दोन पाय. कोण आहे, असं विचारलं तर म्हणाला, "वळखीची हाय." मी समोरच्या पारावर जाऊन मावळता सूर्य बघत चरफडत बसायचो. गाडीला एकच दिवा, तोही मिणमिणता. मला उजेड असेपर्यंत धावड्याला पोचायचं असायचं. माझा स्वभाव मुळातच उतावळा, त्यात हा तास.

शेवटी मीच मनावर घेतलं. एका शुक्रवारी म्हादबा जेवायला गेल्यावर जिनातला ओळखीचा मिस्त्री बोलावून आणला. तो गाडीखाली शिरला आणि हसतच बाहेर आला.

"मास्तरसाब, चेंबर का नट पूरा घिस गया. इसकू कोई रोज खोलता, रोज कसता."

मला एवढंच कळलं की नट झिजला आहे. मी म्हटलं, नवा टाका. त्याने भोकाला नवे आटे पाडून मोठ्या मापाचा नट गच्च आवळून बसवला, वर म्हणाला की आता दहा वर्षं बघायला नको. म्हादबाला मी काही सांगितलं नाही. गाडी गळायची थांबली की तोच पाया पडेल, अशा खुशीत होतो.

हसनाबादच्या अलीकडे एक ओढा आहे. तिथे नेहमीप्रमाणे म्हादबा पाना घेऊन खाली शिरला. पाना सटकल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग शिव्या. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

"मास्तर, नट कुनी बदलला?"

मी ऐटीत सांगितलं. तो तसाच ओढ्याच्या काठावर बसला.

"माझ्याकडं एकच पाना हाय. त्यो त्याला बसंना."

"पण आता खोलायचा कशाला? गळतच नाही ना?"

"तेच तं," म्हादबा म्हणाला. "हसनाबादला चिंध्या घेऊन येती ती गोदा लेक हाय माझी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गोदाच्या लग्नात वऱ्हाड याच गाडीतून आलं होतं. वाटेत तेल गळून इंजिन तापलं, गाडी बंद पडली. वरबापाला नव्या फेट्यासकट गाडी ढकलावी लागली. मांडवात पोचेपर्यंत फेटा काळा, मुहूर्त टळलेला आणि व्याही लालबुंद. त्यांनी भर मांडवात सांगितलं, पोरगी माहेरी यायची नाही आणि तू माझ्या दारात पाय ठेवायचा नाहीस.

"रस्ता सरकारचा हाय," म्हादबा म्हणाला. "गाडी बिघडली तर कुनी हटकत न्हाई. पर व्याही दरखेपेला खाली वाकून बघतो. थेंब दिसला तर गुमान आत जातो. आज काय दाखवू? दोन जिवांची हाय ती. आठ दिवस वाट बघून राह्यली आसंल."

मला माझी लाज वाटली. एवढं मौल्यवान तेल हा माणूस दर शुक्रवारी मुद्दाम सांडत होता आणि मी पारावर बसून त्याला नावं ठेवत होतो. दगडाने नट ठोकून पाहू, असं मी सुचवलं. "चेंबर फुटंल," तो म्हणाला आणि गाडीत बसला. "न थांबता जातो. तिच्याकडं बघायचं न्हाई म्हंजे झालं."

पण लिंबापाशी एक धिप्पाड म्हातारा रस्त्याच्या मधोमध काठी टेकून उभा होता. म्हादबाला थांबावंच लागलं. मागे ओट्यावर गोदा चिंध्या घेऊन उभी होती. व्याही वाकले. बराच वेळ त्यांनी गाडीखालची कोरडी माती पाहिली.

"लई येळ केला आज," ते म्हणाले. "आन् गळत कसं न्हाई?"

"मास्तरनं नवा नट बसवला," म्हादबा खाली मान घालून म्हणाला. "आता न्हाई गळायचं. निघतो."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसत्या नजरेने इतकं घालूनपाडून मला आयुष्यात कुणी बोललं नाही.

"तुमाला कुनी सांगितल्तं? शिकलेल्या मानसानं दुसऱ्याच्या गाडीला हात लावू न्हाई."

मग ते ताठ झाले आणि पारावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गोदे, चिंध्या आन. गाडी पार बिघडलीया. दिवस बुडेस्तोवर ही काही हलत न्हाई."

म्हादबाने स्टिअरिंग सोडलं. मग पाना घेऊन उतरला आणि त्या ठणठणीत इंजिनाखाली आडवा झाला. गोदा आली, आणि उभी न राहता चाकाला पाठ टेकून सरळ खाली मातीत बसली.

व्याह्यांनी मला दंडाला धरून ओट्यावर नेलं. स्वतः रस्त्याकडे पाठ करून बसले, ज्वारीच्या पेऱ्याबद्दल बोलत राहिले आणि मी उठायला लागलो की माझ्या बशीत आणखी चहा ओतत राहिले.