पिसारेसाहेबांनी पास केलेलं छप्पर

एका जंगलात, बाळांनो, काटेबाई नावाची सायाळ राहत होती. तिला तीन पिल्लं झाली आणि घर अपुरं पडू लागलं. सायाळीच्या घरात दाटी झाली की काय होतं, ते तुम्ही समजू शकता. सगळ्यांनाच काटे.

म्हणून तिनं घराला लागून एक वाढीव खोली काढली. भिंती स्वतः घातल्या. छपरासाठी मात्र खवलेमिस्त्रींना बोलावलं. हे जातीनं खवल्या मांजर.

"माझी पाठ बघा, बाई," मिस्त्री म्हणाले. "खवल्यावर खवला कसा बसलाय! थेंब आत जात नाही."

पाठ तुम्हीच बसवलीत का, असं काटेबाईनं विचारायला हवं होतं. पण असे प्रश्न काम झाल्यावर सुचतात.

मिस्त्रींनी काळ्या दगडाच्या पातळ पाट्या आणल्या, शाळेतल्या पाटीसारख्या. चार दिवसांत छप्पर तयार झालं. लांबून तर असं देखणं दिसे, की माकडं उड्या मारायची थांबून बघत बसली.

शेजारच्या घोरपडेमावशी मात्र सरळ वर चढल्या. म्हातारी घोरपड, सगळं आयुष्य दगडांवर गेलेलं. त्यांनी शेपटीनं एकेक पाटी वाजवून पाहिली. चांगली पाटी खणखणते. इथल्या निम्म्या बद्द वाजल्या. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी मान वर केली.

"काटेबाई, इकडे ये. वर काय दिसतंय?"

"आभाळ," काटेबाई म्हणाली.

"छपरातून आभाळ दिसू नये, बाई. खालच्या दोन पाट्यांची फट वरच्या पाटीच्या पोटाखाली झाकली जायला हवी. यानं फटीवर फट ठेवलीय. आणि जुन्या भिंतीला नवं छप्पर टेकतं ना, तिथे नुसता चिखल थापलाय."

काटेबाई घाबरली. तिनं अर्ज केला. जंगलाचे छप्पर-परीक्षक पिसारेसाहेब, म्हणजे मोर, तपासणीला आले. ते वीस पावलं दूर उभे राहिले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"ओळी सरळ आहेत. रंग एकसारखा आहे. उत्तम!"

"साहेब, जरा आत येऊन बघता?" काटेबाईनं विचारलं.

"छप्पर घराच्या बाहेर असतं, बाई. आत असतं ते छत. छत माझ्या खात्यात येत नाही."

त्यांनी प्रमाणपत्र दिलं आणि मिस्त्रींच्या गळ्यात हार घातला.

आठ दिवसांनी पाऊस आला. भिंतीवरचा चिखल वाहून गेला आणि पाणी थेट पिल्लांच्या अंथरुणात आलं. काटेबाई तिघांना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत राहिली. तिसऱ्या दिवशी धाकटं पिल्लू तापलं. त्याचे काटे अजून मऊ होते. ते आईच्या कुशीत शिरून कण्हत होतं.

काटेबाई भर पावसात पिसारेसाहेबांकडे गेली.

"साहेब, खोली गळतेय."

"अशक्य. प्रमाणपत्र आहे."

"लेकरू तापानं फणफणलंय हो!"

"मग वैद्याकडे जा. मिस्त्री, तुमचं काय म्हणणं?"

खवलेमिस्त्री तिथेच हाराला पाणी मारत बसले होते. "पाऊस तिरका पडला, साहेब. छप्पर सरळ पावसासाठी आहे."

साहेबांनी निकाल दिला. दोष पावसाचा. काटेबाईला समज देण्यात आली, की तिनं पावसात खोलीचा वापर केला.

ती घरी आली तेव्हा घोरपडेमावशी छपरावर बसून पाट्या उचकटत होत्या.

"बघतेस काय? खालून दे एकेक," त्या खेकसल्या.

दोघींनी दोन दिवस काम केलं. बद्द पाट्या फेकल्या, नदीकाठचे वेडेवाकडे दगड आणले. प्रत्येक फट वरच्या दगडाखाली दाबली. भिंतीच्या सांध्यात डिंक आणि चुना भरला. छप्पर दिसायला अगदी खरजेल्या कुत्र्यासारखं झालं. पण आत कोरडं पडलं. धाकट्याचा ताप उतरला आणि त्यानं पहिल्यांदा मोठ्या भावाला काटा टोचला.

पिसारेसाहेबांना बातमी लागली. ते आले, वीस पावलांवर थांबले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ओळ नाही! रंग नाही! ही तर धोकादायक इमारत!"

त्यांनी दारावर तशी पाटी लावली. ती त्या घरातली सर्वांत सरळ पाटी होती.

तेव्हापासून सगळं जंगल खवलेमिस्त्रींकडूनच छप्पर घालून घेतं. पाऊस आला की सगळे आपापल्या उत्तम घरात डोक्यावर केळीचं पान धरून बसतात आणि हळहळतात, "बिचारी काटेबाई! एवढ्या पावसात, त्या धोकादायक घरात!"

काटेबाईला काही ऐकू जात नाही. ती झोपलेली असते.

तात्पर्य : बाळांनो, छपराची पारख नेहमी बाहेरून, लांबून आणि उन्हात करावी. आत राहणाऱ्याला मुळीच विचारू नये. तो भिजलेला असतो, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती नसतं.