तिने न सांगितलेला पिन

डेबिट कार्ड हरवल्याचं कळलं त्या दिवशी सलूनवाल्या काकांनी बँकेला फोन केला नाही. त्यांनी दुकानाच्या दारावर कागद चिकटवला : ‘बँकेचे कार्ड हरवले आहे. सापडल्यास या नंबरवर कळवावे.’ शिवाय केस कापता कापता संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांच्या कानांवर ती बातमी घातली.

काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तर काकूंनी कार्डाचा पिन त्यांना कधी कळू दिला नव्हता. “तुम्हाला सांगायचा म्हणजे गावभर दवंडी,” असं म्हणून पैसे काढायला त्या स्वतः जायच्या. चार महिन्यांपूर्वी काकू गेल्या आणि पिनही त्यांच्याबरोबर गेला. काका बँकेत स्लिप भरून पैसे काढू लागले. कार्ड मात्र रोज शर्टाच्या खिशात असायचं, कारण ते काकूंच्या पर्समधलं होतं. खात्यात दोघांची तीस वर्षांची कमाई होती.

दुसऱ्या दिवशी नेहमीचे गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर, दाढीला बसले. गालांना फेस लावून झाला, एक गाल साफ झाला आणि फोन वाजला. हात फेसाचे, म्हणून काकांनी तो स्पीकरवर ठेवला.

“बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड सापडलंय. खात्रीसाठी पिन सांगा.”

“देव तुमचं भलं करो, साहेब. पण पिन मला ठाऊक नाही.”

“कार्ड तुमचंच ना?”

“कार्ड माझं. पिन बायकोला ठाऊक.”

“मग त्यांना विचारा.”

“विचारलं असतं हो. ती गेली.”

“कधी येतील?”

मास्तरांनी आरशातून वर पाहिलं. काकांनी वस्तरा खाली ठेवला आणि काकूंचं आजारपण अगदी पहिल्या तापापासून सांगायला घेतलं. पलीकडचा बिचारा हं हं करत राहिला. मास्तरांच्या दुसऱ्या गालावरचा फेस वाळून जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा तडकला.

“काका, पाया पडतो, अंदाज करा,” शेवटी तो काकुळतीला आला. “लग्नाची तारीख?”

काकांनी सांगितली. पलीकडे टुक टुक असा आवाज झाला.

“नाही. मुलीचा जन्म?”

तीही तारीख चालली नाही.

“मग माझाच वाढदिवस असणार,” काका जरासे लाजत म्हणाले.

टुक टुक.

“मशीननं कार्ड गिळलं हो!” पलीकडून रडवेला आवाज आला आणि फोन बंद झाला.

“बँकेच्या साहेबाला मशीन कशाला लागतं?” मास्तर म्हणाले.

काकांनी दुकान उघडंच टाकलं. ते तसेच बँकेकडे धावले. मागे गळ्यात टॉवेल आणि अर्धी दाढी घेऊन मास्तर.

काउंटरवरच्या बाईंनी खातं पाहिलं. “तीनदा चुकीचा पिन पडला, म्हणून कार्ड बंद झालं. पैसे जागच्या जागी आहेत. पुढच्या वेळी कार्ड हरवलं की आधी आम्हाला कळवायचं, आणि पिन विचारणारा कोणीही असो, फोन ठेवायचा. पण शाब्बास, काका. पिन नाही सांगितलात!”

काकांची छाती वीतभर फुगली. मास्तरांनी तोंड उघडलं तेवढ्यात काका म्हणाले, “आजची दाढी फुकट.” मास्तरांनी तोंड मिटलं.

आता खुर्चीत बसेल त्याला काका अभिमानाने सांगतात, “चाळीस मिनिटं झुलवला. रडवूनच सोडला.” दुकानात मास्तर एकटेच असले की मात्र काका वस्तऱ्याला धार लावता लावता कबूल करतात, “ठाऊक असता तर पहिल्याच मिनिटाला सांगून मोकळा झालो असतो. तिने मला बरोबर ओळखलं होतं.” आणि थोड्या वेळाने, “पण माझा वाढदिवससुद्धा नाही, मास्तर. मग ठेवला तरी काय होता?”

नवं कार्ड येऊन महिना झाला. ते काकूंच्या पर्समध्ये आहे. त्याचा पिन अजून ठरवायचा राहिला आहे.