पेपरवेटची चढाई

साहेब, तोंडावर सांगतो, दोष तुमचा आहे. चौथ्या मजल्यावरच्या गार खोलीत बसून ‘सर्व कर्मचाऱ्यांनी रविवारी जंगलातली टेकडी चढायची, तंदुरुस्ती पाहूनच पुढच्या नेमणुका होतील’ असं फर्मान काढायला काय जातं? तुमची सही झाली आणि खाली एका भल्या माणसाची झोप उडाली.

तो भला माणूस म्हणजे पाणीपुरवठा ऑफिसातला तळमजल्यावरचा कारकून. नळाच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीपाशी तो वर्षानुवर्षं बसलेला. एकदा बसला की वादळ आलं तरी हलायचा नाही, म्हणून सगळे त्याला पेपरवेट म्हणत. देहाच्या वजनाचाही त्या नावाला हातभार होता. आता खिडकीचा प्रमुख निवृत्त होत होता आणि ती खुर्ची पेपरवेटला हवी होती. मानासाठी नव्हे, गुडघ्यांसाठी. कारण खुर्ची एक आणि हक्कदार दोन. दुसरा स्टोअरकीपर, अंगाने नुसती काडी. ज्याला खुर्ची मिळणार नाही त्याची रवानगी चौथ्या मजल्यावर, जुन्या नकाशांच्या खोलीत. आणि लिफ्टवरची ‘बंद आहे’ ही पाटी इतकी जुनी, की मधूनमधून तिलाच रंग द्यावा लागे.

“अहो, तुम्ही पलंगावरून उठताना ‘आई गं’ म्हणता. टेकडी कसली चढताय?” बायको म्हणाली.

“चढणार.”

“डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा आणि गप घरी बसा.”

“म्हणजे सरळ चौथा मजला. चढणार म्हणजे चढणार!”

त्याने त्याच संध्याकाळी सराव सुरू केला. राहत्या इमारतीची लिफ्ट चालू होती, म्हणून तो लिफ्टने वर जाई आणि जिन्याने खाली उतरे. चार दिवसांत त्याला बरंच चपळ झाल्यासारखं वाटू लागलं. पाचव्या दिवशी बायको दारात उभी राहिली.

“अहो, टेकडी वरून सुरू होत नाही.”

पण निश्चय होता. आणि निश्चय कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

बूट मेहुण्याचे आणले. मेहुण्याचा पाय दोन नंबर मोठा, म्हणून आत मोज्यांचे तीन जोड.

“भाऊजी, बूट तेवढे धड परत आणा,” मेहुणा म्हणाला. “तुम्ही कसेही या, ताईला सवय आहे.”

बायकोने पिशवीत उकडलेली अंडी, केळी, टॉवेल आणि एक घडीचं स्टूल भरलं.

“स्टूल कशाला?”

“तुम्ही कुठे ना कुठे बसणारच. ओल्या दगडावर बसू नका.”

हे त्याच्या वर्मी लागलं. “वर पोहोचेपर्यंत बूड टेकणार नाही,” त्याने जाहीर केलं. “लिहून घे!”

“घ्यायचंय काय लिहून? आडवे झालात की कळेलच.”

रविवारी सकाळी जंगलाच्या तोंडाशी सगळं ऑफिस जमलं. दुरून हिरवीगार, देखणी दिसणारी टेकडी जवळ गेल्यावर भिंतीसारखी उभी राहिली. पहिल्याच वळणाला पेपरवेटच्या तोंडाला फेस आला. दुसऱ्या वळणाला टायपिस्टबाई मागे वळून म्हणाल्या, “श्वास घेताय की शिट्टी वाजवताय?”

“पुढे... चला... बाई.”

तिसऱ्या वळणाला ओढा लागला. चिखलात उजवा बूट रुतला. पेपरवेटने जोर लावून पाय उपसला, तेव्हा वरचा बूट पायाबरोबर आला आणि तळ चिखलात राहायला तयार झाला. बुटाने मगरीसारखा जबडा उघडला. मागे फिरायला सबब तयार होती, पण त्याला समोर चौथ्या मजल्याचा जिना दिसला. त्याने कमरेचा पट्टा काढला आणि बूट करकचून बांधला.

बूट सावरला, पण पट्टा गेला म्हटल्यावर पँट कुणाच्या भरवशावर राहणार? डाव्या हाताने ती धरावी लागली. उजव्या हातात पिशवी. तोंडावरचे डास हाकलायला तिसरा हात देवाने दिलेला नाही, तेव्हा तो डासांवर फुंकर मारत निघाला. आधीच श्वास पुरत नव्हता, त्यात ही उधळपट्टी.

अर्ध्या वाटेवर स्टोअरकीपर रस्त्यात बसलेला दिसला. डावा घोटा दोन्ही हातांत धरून विव्हळत होता.

“पेपरवेट, मेलो रे! पाय मुरगळला. तू जा पुढे, खुर्ची तुलाच लखलाभ.”

आता शत्रू झाला म्हणून काय जंगलात टाकून जायचं? पेपरवेटने पिशवी ठेवली आणि एका हाताने आणि दातांनी टॉवेल धरून त्याचा डावा घोटा आवळून बांधला. दुसरा हात कुठे होता ते सांगायला नकोच. मग स्टूल उघडून त्यावर स्टोअरकीपरला बसवलं.

“आणि तू रे? टेक की जरा.”

“मी वर टेकणार.”

“मग ती अंडी तरी इथेच ठेव. तुला ओझं कशाला?”

अंडीही गेली. पुढची वाट पेपरवेटने झाडांना मिठ्या मारत कापली. काट्यांनी शर्ट फाटला, घामाने चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, पाय कुणा परक्याचे वाटू लागले. एका चढावर तर तो चक्क रांगला. पण बूड टेकलं नाही. जीव मेटाकुटीला आला, तेव्हा माथा आला.

माथ्यावर साहेब, म्हणजे तुम्हीच, आधीच उभे होते. अंगावर घामाचा टिपूस नाही. टेकडीच्या मागच्या बाजूने पक्का रस्ता होता आणि रस्त्याच्या टोकाला त्यांची जीप सावलीत उभी होती.

“शाब्बास! चला, फोटो! सगळे हात वर!”

पेपरवेटने उजवा हात वर केला.

“दोन्ही, दोन्ही!”

“साहेब, एकच ठेवतो.”

“अरे, जिंकलायत तुम्ही! दोन्ही!”

हुकूम तो हुकूम. त्याने दोन्ही हात वर केले. फोटो कमरेपर्यंतच आला, एवढीच देवाची कृपा. टायपिस्टबाई त्या क्षणापासून झाडावरचे पक्षी पाहू लागल्या, त्या फोटो संपेपर्यंत पाहतच राहिल्या.

उतरताना पेपरवेटने एका हाताने स्टोअरकीपरला आधार दिला. सगळी वाट तो डावा पाय अधांतरी धरून, पेपरवेटच्या गळ्यात लोंबकळत आला. टॉवेलला अंड्यांचा वास येत होता.

सोमवारी साहेबांनी दोघांना वर बोलावलं नाही, स्वतःच खाली आले. तसे ते दयाळू.

“जखमी माणसाला जिना चढायला लावणं माणुसकीला धरून नाही,” ते म्हणाले. “म्हणून खिडकीची खुर्ची स्टोअरकीपरना. आणि तुम्ही तर वाघ निघालात! तुम्हाला चौथा मजला म्हणजे काय हो? आजपासून नकाशांची खोली तुमची.”

टाळ्या वाजल्या. स्टोअरकीपर लंगडत खुर्चीकडे निघाला. पेपरवेट पाहतच राहिला. गडी उजव्या पायाने लंगडत होता.

“काय रे, डावा होता ना? मी बांधलाय!”

“दुखणं फिरतं रे बाबा,” स्टोअरकीपर खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. “वातासारखं.”

पेपरवेटने पट्टा कमरेला नीट आवळला आणि साहेबांच्या पाठोपाठ जिना धरला. साहेब तरातरा पुढे गेले. पहिल्या मजल्यावर त्याची शिट्टी सुरू झाली. दुसऱ्यावर टायपिस्टबाई खुर्ची घेऊन धावत आल्या.

“अहो, बसा! चेहरा बघा कसा झालाय.”

“वर,” तो म्हणाला. “वर... बसणार.”

तिसऱ्या मजल्यावर त्याने कठड्याला मिठी मारली, झाडाला मारतात तशी. चौथ्यावर पोहोचून त्याने साहेबांचं दार उघडलं. शिपाई “विचारून, विचारून!” म्हणेपर्यंत तो त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलाही होता. खुर्ची कण्हली.

“काय आहे?” साहेब दचकले.

“एकच... विचारायचंय. मुरगळला तो... पाय कोणता?”

“म्हणजे?”

“तुम्ही खुर्ची त्याच्या पायाकडे बघून दिलीत ना? मग पाय कोणता ते सांगा. ऑफिसात मला पेपरवेट का म्हणतात, ते खाली कुणालाही विचारा.”

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आला, पेपरवेटकडे पाहिलं, खुर्चीचा अंदाज घेतला आणि आणखी दोन माणसं बोलवायला गेला. तीही आली. प्रयत्न करून गेली.

साहेब, ऑफिस सुटायची वेळ झाली. जीप खाली उभी आहे आणि तो अजून तुमच्यासमोर बसलाय. डावा की उजवा? बोला.